रेव्हिटमधली कॅड लिंक एका व्ह्यूत दिसते, बाकीच्यांत गायब : काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. कॅड लिंक म्हणजे त्यात जोडलेली ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ड्रॉइंग फाइल, आणि व्ह्यू म्हणजे मॉडेल दाखवणारा प्लॅन, सेक्शन किंवा थ्रीडी. आधी लक्षणं. तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं कोणतं दिसतंय ते ओळखा, म्हणजे अर्ध्या तपासण्या गाळता येतील.

- ज्या प्लॅनमध्ये लिंक केली तिथेच ड्रॉइंग दिसतं. स्ट्रक्चरल प्लॅन, सीलिंग प्लॅन, थ्रीडी कुठेच नाही.
- थ्रीडीत दिसतं, साइट प्लॅनमध्येही दिसतं, पण तळमजल्याच्या प्लॅनमध्ये नाही.
- व्ह्यूची डुप्लिकेट काढली आणि नव्या व्ह्यूत ड्रॉइंग आलंच नाही.
- कालपर्यंत सगळीकडे होतं, आज सगळीकडून एकदम गेलं.
- स्लॅब टाकेपर्यंत दिसत होतं, स्लॅब टाकल्यावर गेलं.
- ड्रॉइंग येतं पण काही लेयर नाहीत. भिंती आहेत, कॉलम नाहीत.
- झूम टू फिट केलं की पडद्यावर एक ठिपका उरतो, किंवा लिंक करताना २० मैल म्हणजे ३३ किलोमीटरपेक्षा मोठ्या विस्ताराची सूचना येते.

यातल्या बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी फाइल बिघडलेली नसते. लिंक करतानाच ती एका व्ह्यूला बांधली गेलेली असते, नाहीतर ती मॉडेलमध्ये आहे, फक्त लपवलेली किंवा भलत्याच उंचीवर, भलत्याच अंतरावर आहे. म्हणून दिसत नाही म्हटल्यावर तीच फाइल पुन्हा लिंक करायची घाई करू नका. एकाच ड्रॉइंगच्या तीन-चार लिंक झाल्या की कोणती खरी हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

१. लिंक कोणत्या जातीची आहे?

एका मिनिटाचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. जिथे ड्रॉइंग दिसतंय त्या व्ह्यूत जा, लिंकवर क्लिक करा आणि प्रॉपर्टीज पाहा. क्लिकने निवडली जात नसेल तर खाली उजव्या कोपऱ्यातले सिलेक्ट लिंक्स आणि सिलेक्ट पिन्ड एलिमेंट्स हे दोन्ही पर्याय चालू आहेत का बघा. लिंक आपोआप पिन होते, त्यामुळे दुसरा पर्याय बंद असला की ती हाताला लागत नाही.

प्रॉपर्टीजमध्ये ‘ड्रॉ लेयर’ दिसत असेल, म्हणजे बॅकग्राउंड की फोरग्राउंड असं विचारत असेल, तर लिंक करताना ‘करंट व्ह्यू ओन्ली’वर टिक होती. अशी लिंक म्हणजे त्या एका व्ह्यूवर चिकटवलेला ट्रेसिंग पेपर. ती थ्रीडीत कधीच येणार नाही. त्याऐवजी ‘बेस लेव्हल’ आणि ‘बेस ऑफसेट’ दिसत असेल तर ती मॉडेलमधली वस्तू आहे. मग ती इतर व्ह्यूंत का दिसत नाही याचं कारण पुढच्या तपासण्यांत सापडेल.

करंट व्ह्यू ओन्लीची टिक नंतर काढता येत नाही. मार्ग दोन आहेत.

पहिला : ड्रॉइंग फक्त दोन-चार प्लॅनमध्येच हवं असेल तर लिंक निवडा, कॉपी करा आणि मॉडिफाय टॅबवरच्या पेस्टखालून ‘अलाइन्ड टू सिलेक्टेड व्ह्यूज’ घ्या. ड्रॉइंग त्याच जागी निवडलेल्या प्लॅनमध्ये उतरतं. सगळ्या कॉपी एकाच फाइलच्या असल्याने रीलोड केल्यावर एकदमच बदलतात. प्लॅनमधून प्लॅनमध्येच हे जमतं, थ्रीडीत नाही.

दुसरा : ग्रिड, प्लॉटची हद्द, पूररेषा असं सगळीकडे लागणारं ड्रॉइंग असेल तर जुनी लिंक काढून टिक न करता नव्याने लिंक करा. ‘प्लेस अॅट’मध्ये योग्य लेव्हल निवडा. जुनी लिंक काढण्याआधी तिच्या रेषांना धरून डायमेन्शन दिलेली आहेत का ते बघा; लिंकबरोबर तीही जातात.

यातला कोणता घ्यावा? एका मजल्यावर भिंती ट्रेस करून सोडून द्यायच्या असतील तर करंट व्ह्यू ओन्ली चांगलं. बाकी सगळ्याला दुसरा मार्ग घ्या, नाहीतर आर्किटेक्टचं सुधारित ड्रॉइंग आलं की कोणत्या व्ह्यूत पेस्ट केलं होतं ते शोधत बसावं लागतं.

मोजणीच्या नकाशाचा स्कॅन घेऊन हाच प्रश्न पुष्कळदा येतो. तो पीडीएफ किंवा जेपीजी असेल तर ते कॅड नाही, चित्र आहे. चित्र त्या-त्या टूडी व्ह्यूपुरतंच असतं. थ्रीडीत हवं असेल तर हद्द कॅडमध्ये आखूनच घ्यावी लागेल.

२. व्ह्यूची डुप्लिकेट कशी काढली?

नुसतं ‘डुप्लिकेट’ केलं तर व्ह्यूपुरत्या वस्तू, म्हणजे डायमेन्शन, टेक्स्ट आणि करंट व्ह्यू ओन्लीची लिंक, नव्या व्ह्यूत येत नाहीत. ‘डुप्लिकेट विथ डिटेलिंग’ घ्या. नवा व्ह्यू अजून रिकामाच असेल तर तो डिलीट करून पुन्हा काढणं सगळ्यात स्वस्त.

३. कुणी लपवलंय का?

व्ह्यूभोवती निळसर चौकट असेल तर टेम्पररी हाइड चालू आहे. एच-आर दाबा. चौकट नसेल तर खालच्या पट्टीतला बल्ब लावा, म्हणजे रिव्हील हिडन एलिमेंट्स. लपवलेल्या वस्तू किरमिजी रंगात दिसतात. त्यात लिंक दिसली तर तिच्यावर राइट क्लिक करून अनहाइड करा.

बल्ब लावूनही लिंक दिसत नसेल तर तेही उपयोगाचं उत्तर आहे : ती लपवलेली नाही. मग ती दुसऱ्या एका व्ह्यूला बांधलेली आहे, अनलोड झाली आहे, वर्कसेटमध्ये बंद आहे किंवा व्ह्यूच्या मर्यादेबाहेर आहे. बल्ब व्ह्यू रेंजबाहेरच्या, म्हणजे प्लॅन दाखवतो त्या उंचीच्या थराबाहेरच्या, वस्तू दाखवत नाही, हे विसरल्याने इथे बराच वेळ जातो.

४. व्हिजिबिलिटी ग्राफिक्स आणि व्ह्यू टेम्प्लेट

व्ही-जी दाबा आणि ‘इम्पोर्टेड कॅटेगरीज’ टॅबवर जा. सगळ्यात वर ‘शो इम्पोर्टेड कॅटेगरीज इन धिस व्ह्यू’ आहे. ती टिक गेली तर यादीत सगळं चालू दिसूनही व्ह्यूत काही येत नाही. मग फाइलच्या नावाची टिक, आणि फाइल उघडून आतल्या लेयरच्या टिका बघा.

यादी करड्या रंगाची असेल आणि बदल करता येत नसेल तर व्ह्यूवर टेम्प्लेट, म्हणजे अनेक व्ह्यूंना एकदम लागणारी सेटिंगं, लागलेलं आहे. बदल टेम्प्लेटमध्येच करायचा, पण तो त्या टेम्प्लेटच्या सगळ्या व्ह्यूंना लागू होईल हे धरून चला. टेम्प्लेटने इम्पोर्टवर ताबा ठेवू नये असं वाटत असेल तर ‘व्ही/जी ओव्हरराइड्स इम्पोर्ट’ समोरची ‘इन्क्लूड’ टिक काढा.

हवा असलेला लेयर यादीतच नसेल तर लिंक करताना लेयरच्या पर्यायात ‘ऑल’ऐवजी ‘व्हिजिबल’ घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. त्या वेळी ऑटोकॅडमध्ये जे बंद होतं ते आलंच नाही. रंगाचंही इथेच बघून घ्या : ‘प्रिझर्व्ह’ घेतलं तर ऑटोकॅडच्या काळ्या पडद्यावर छान उठणाऱ्या पिवळ्या रेषा रेव्हिटच्या पांढऱ्यावर जवळजवळ नाहीशा होतात. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ घेतलेलं बरं. मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल तर तो श्रीलिपी, कृतीदेवसारखा फाँट त्या मशीनवर नसल्याचा परिणाम आहे, लिंकचा दोष नाही.

५. मॅनेज लिंक्स

ड्रॉइंग सगळ्या व्ह्यूंतून एकदम गेलं असेल तर खरं म्हणजे इथूनच सुरुवात करा. मॅनेज लिंक्समध्ये ‘कॅड फॉरमॅट्स’ बघा. ‘नॉट लोडेड’ असेल तर रीलोड. ‘नॉट फाउंड’ असेल तर फाइल हललेली आहे, ‘रीलोड फ्रॉम’ने नवी जागा दाखवा.

फाइल हलण्याची कारणं ठरलेली असतात. व्हॉट्सअॅपवर आलेली डीडब्ल्यूजी डाउनलोड्समधूनच लिंक केली आणि नंतर फोल्डर साफ झालं. झिपच्या आतूनच फाइल उघडली, म्हणजे ती विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये होती. किंवा एका मशीनवर सर्व्हर झेड ड्राइव्ह आहे आणि दुसऱ्यावर वाय. उपाय एकच : प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॅडसाठी एक फोल्डर करा, फाइल तिथे ठेवून मग लिंक करा आणि पाथ टाइप रिलेटिव्ह ठेवा. सुधारित ड्रॉइंग आलं की जुनी फाइल तारीख घालून बाजूला काढा आणि नवी त्याच नावाने त्याच जागी ठेवा.

अनलोड आणि रिमूव्ह यांत गल्लत नको. अनलोड केलेली लिंक परत येते. रिमूव्ह केली की सगळ्या व्ह्यूंतल्या सगळ्या कॉपी गेल्या.

६. वर्कसेट

एकट्याच्या फाइलवर काम असेल तर पुढे चला. सेंट्रल मॉडेल, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायची फाइल, असेल तर मॉडेलमधली लिंक कोणत्या वर्कसेटवर (मॉडेलमधल्या वस्तूंच्या गटावर) आहे ते प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. तो वर्कसेट ‘ओपन्ड’ आहे का, ‘व्हिजिबल इन ऑल व्ह्यूज’वर टिक आहे का, आणि व्ही-जीच्या वर्कसेट टॅबमध्ये त्या व्ह्यूसाठी ‘हाइड’ केलंय का, हे तिन्ही बघा. एकाच्या मशीनवर दिसतं आणि शेजारच्याच्या नाही, असं असेल तर बहुतेक वेळा त्याने वर्कसेट बंद ठेवून मॉडेल उघडलेलं असतं. कॅड लिंकसाठी वेगळा वर्कसेट ठेवला की हे सोपं जातं. डिझाइन ऑप्शन (एकाच मॉडेलमधले पर्यायी आराखडे) वापरत असाल तर लिंक चुकून एखाद्या ऑप्शनमध्ये गेली नाही ना, तेही इथेच उरकून घ्या.

७. उंची

थ्रीडीत दिसतं, प्लॅनमध्ये नाही. याचं कारण जवळजवळ नेहमी उंची असतं.

प्लॅन व्ह्यू मॉडेलचा एक ठरावीक थरच दाखवतो. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये साधारणपणे कट प्लेन, म्हणजे मॉडेल आडवं कापून बघायची पातळी, लेव्हलपासून १२०० मिमीवर असतं, बॉटम आणि व्ह्यू डेप्थ (खाली कुठवर दिसेल ती मर्यादा) शून्यावर. लिंक कट प्लेनच्या वर गेली किंवा व्ह्यू डेप्थच्या खाली गेली की प्लॅनमधून नाहीशी. त्याची चार रूपं वारंवार भेटतात.

जोत्याचा फरक : लिंक जमिनीच्या लेव्हलवर टाकली आणि तळमजल्याची लेव्हल जोत्यामुळे ६०० मिमी वर आहे. तळमजल्याच्या प्लॅनची व्ह्यू डेप्थ शून्य, त्यामुळे ६०० मिमी खालची लिंक दिसत नाही. व्ह्यू डेप्थ उणे १००० करा किंवा लिंकचा बेस ऑफसेट बदला.

स्लॅब : स्लॅबचा माथा आणि लिंक एकाच पातळीवर आले की स्लॅब रेषा झाकतो, कधी रेषा तुटक-तुटक दिसतात. बेस ऑफसेट १०० मिमी द्या. फ्लोअरिंगचा थर मॉडेल केला असला तरी ड्रॉइंग वर राहतं आणि कट प्लेनच्या बरंच खाली असतं. मात्र सेक्शनमध्ये आता फरशीच्या वर १०० मिमीवर एक आडवी रेष दिसेल, कारण सपाट ड्रॉइंग बाजूने पाहिलं की रेषच असते. सेक्शन आणि एलिव्हेशनच्या टेम्प्लेटमध्ये ती लिंक बंद करून टाका.

सीलिंग प्लॅन : हा व्ह्यू कट प्लेनपासून वर बघतो. फरशीच्या पातळीवरची लिंक त्यात येणारच नाही. सीलिंग प्लॅनसाठी लिंकची दुसरी कॉपी कट प्लेनच्या वर ठेवा किंवा तिथे सरळ करंट व्ह्यू ओन्ली वापरा. दुसरा पर्याय अधिक स्वच्छ आहे.

आणि सर्व्हेची ड्रॉइंगं. टोटल स्टेशनच्या मोजणीत प्रत्येक बिंदूला झेड असतो, आणि तो झेड म्हणजे आरएल, ठरलेल्या आधार-पातळीपासून मोजलेली उंची. सर्व्हेअरने स्थानिक बेंचमार्क (उंचीचा आधारबिंदू) १००.००० धरला असेल तर सगळं ड्रॉइंग तुमच्या लेव्हलच्या १०० मीटर वर तरंगतं. समुद्रसपाटीपासूनची उंची धरली असेल तर सांगलीत साधारण साडेपाचशे मीटर, साताऱ्यात त्याहून जास्त. थ्रीडीत झूम टू फिट केलं की इमारत खाली बारीक आणि कंटूर वर आकाशात असं दृश्य दिसतं ते यामुळे. खात्री करायला ऑटोकॅडमध्ये कुठल्याही रेषेवर लिस्ट कमांड द्या, झेडचा आकडा समोर येईल.

हद्द, रस्ता, झाडं, विहीर एवढंच प्लॅनमध्ये दाखवायचं असेल तर ड्रॉइंगची एक कॉपी करून त्यावर ऑटोकॅडच्या एक्स्प्रेस टूल्समधलं फ्लॅटन चालवा. ती टूल्स नसतील तर प्रॉपर्टीजमधून रेषांचे झेड शून्य करा. पण ही सपाट केलेली कॉपी जमीन मॉडेल करायला वापरू नका. टोपोसॉलिड, किंवा २०२४ च्या आधीच्या आवृत्तीतलं टोपोसरफेस, कंटूरच्या झेडवरच उभं राहतं. अजिंक्यताऱ्याच्या उताराचा प्लॉट तुम्हाला क्रिकेटच्या मैदानासारखा मिळेल. फाइली दोन ठेवा, एक सपाट आणि एक कंटूरची, आणि नावातच तसं लिहा.

सांगलीत पूररेषेचं ड्रॉइंग बसवताना आणखी एक घोटाळा होतो. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत सांगतात. धोका पातळी ४५ फूट. तो आकडा तिथल्या मोजपट्टीवरचा आहे, आरएल नव्हे. ४५ फुटांचे १३.७ मीटर करून त्या उंचीवर लेव्हल काढली तर ती कशाशीच जुळणार नाही. पूररेषेच्या नकाशावर जी आरएल दिलेली असेल तीच घ्यायची.

८. एकक

ड्रॉइंग ठिपक्याएवढं असेल तर मीटरमधलं ड्रॉइंग मिलिमीटर समजून वाचलं गेलंय. २० बाय ३० मीटरचा प्लॉट २० बाय ३० मिमी होतो, आणि १:१०० च्या व्ह्यूत तो कागदावर मिलिमीटरभरही नसतो. ‘ऑटो डिटेक्ट’ डीडब्ल्यूजीतल्या इन्सयुनिट्स या सेटिंगवर चालतं. त्यात १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ६ मीटर आणि ० म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. आपल्याकडे मंजुरीचं ड्रॉइंग मीटरमध्ये, आर्किटेक्टचं काम फूट-इंचात आणि स्ट्रक्चरलचं मिलिमीटरमध्ये असं सर्रास असतं. त्यातून जुन्याच फाइलवर नवं ड्रॉइंग काढलेलं असलं की हे सेटिंग वस्तुस्थितीशी जुळेलच असं नाही. एकक स्वतः निवडा.

एकक ओळखायची सोपी रीत : ऑटोकॅडमध्ये प्लॉटच्या हद्दीचं क्षेत्रफळ काढा आणि सातबाऱ्याशी ताडून बघा. ५ गुंठे जमीन असेल तर आकडा ५०६ च्या आसपास आला म्हणजे मीटर, ५,४४५ आला म्हणजे फूट, ७.८४ लाख आला म्हणजे इंच, आणि ५० कोटींच्या घरात गेला म्हणजे मिलिमीटर. लिंक झाल्यानंतर लक्षात आलं तर टाइप प्रॉपर्टीजमध्ये इम्पोर्ट युनिट्स आणि स्केल फॅक्टर आहेत. तिथला बदल त्या लिंकच्या सगळ्या कॉपींना लागू होतो.

९. अंतर

३३ किलोमीटरची सूचना आली असेल तर ड्रॉइंग यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, आहे असं समजा. सातारा आणि सांगली दोन्ही यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतात. ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) साताऱ्याला सुमारे ३.९ लाख मीटर, सांगलीला सुमारे ४.५ लाख, नॉर्थिंग (उत्तरेकडचा) १८.६ ते १९.६ लाख मीटर. म्हणजे ‘ओरिजिन टू इंटर्नल ओरिजिन’ने लिंक केलं तर ड्रॉइंग रेव्हिटच्या मूळ बिंदूपासून जवळपास दोन हजार किलोमीटरवर पडतं. एवढ्या लांब रेव्हिटचं गणित डळमळतं : रेषा दातेरी होतात, स्नॅप चुकतो, काही व्ह्यूंत रेषा येतातच असं नाही.

‘सेंटर टू सेंटर’ने लिंक केलं की पुष्कळदा सुटतं. सुटत नाही ते ड्रॉइंगमध्ये काहीतरी शून्य-शून्यपाशी राहिलेलं असतं तेव्हा. टायटल ब्लॉक, उत्तरेचा बाण, एखादा रिकामा टेक्स्ट. मग ड्रॉइंगचा विस्तारच दोन हजार किलोमीटर होतो आणि त्याचं सेंटर कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी जातं. ऑटोकॅडमध्ये झूम एक्स्टेंट्स दिल्यावर ड्रॉइंग कोपऱ्यात ठिपक्यासारखं दिसलं तर हेच आहे. ती भटकी वस्तू काढा आणि सेव्ह करा.

तरीही जमलं नाही तर कॉपीवर काम करा : प्लॉटचा एक पक्का कोपरा, शक्यतो हद्दीचा दगड, बेस पॉइंट धरून सगळं ड्रॉइंग ०,० वर मूव्ह करा. त्या कोपऱ्याचे मूळ ईस्टिंग, नॉर्थिंग आणि आरएल त्याच ड्रॉइंगमध्ये मजकूर म्हणून लिहून ठेवा. हे आकडे हरवले तर खरी जागा परत जोडायला सर्व्हेअरला पुन्हा विचारावं लागतं.

१०. डीडब्ल्यूजी आतून तपासणं

इथपर्यंत आलात तर फाइलवरच संशय घ्यायला हरकत नाही. रेव्हिट मॉडेल स्पेसमधलं वाचतं. ड्रॉइंग लेआउटमध्येच काढलेलं असेल तर आधी ते मॉडेल स्पेसमध्ये आणा. एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या फाइली, असतील तर पाठवणाऱ्याकडून बाइंड (मूळ फाइलमध्येच समाविष्ट) करून घ्या, कारण त्याच्या मशीनवरच्या फाइली तुमच्याकडे नसतात. सिव्हिल थ्रीडीच्या वस्तू असतील तर एक्स्पोर्ट टू ऑटोकॅड करून साध्या रेषा मागवा. मग ऑडिट, पर्ज, सेव्ह. रेव्हिट २०१७ किंवा त्याआधीचं असेल तर फाइल २०१३ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. ऑटोकॅड २०१८ पासूनचा फॉरमॅट ते वाचत नाही.

इम्पोर्ट करून एक्स्प्लोड हा उपाय म्हणून सांगितला जातो, तो टाळा. १०,००० वस्तूंची मर्यादा आहे, आणि त्याच्या आत बसलं तरी मॉडेलमध्ये शेकडो फालतू लाइन स्टाइल आणि फिल पॅटर्न शिरतात, ते काढायला लिंकपेक्षा जास्त वेळ जातो.

कुठे थांबायचं

मॉडेलला शेअर्ड कोऑर्डिनेट्स, म्हणजे सगळ्या टीमच्या मॉडेलांना सामाईक जागेचा आधार, आधीच लावलेले असतील आणि स्ट्रक्चरल किंवा एमईपीवाले (वीज, प्लंबिंग, वातानुकूलन) त्याच आधाराने काम करत असतील तर ‘अक्वायर कोऑर्डिनेट्स’ किंवा ‘पब्लिश कोऑर्डिनेट्स’ला हात लावू नका. तुमच्याकडे ड्रॉइंग दिसेल आणि बाकीच्यांची मॉडेलं सरकतील. सगळ्यांच्या मॉडेलांचा मेळ घालणाऱ्या बीआयएम कोऑर्डिनेटरलाच बोलवा.

दोन ड्रॉइंगांतल्या आरएल जुळत नसतील किंवा हद्द मोजणीच्या नकाशाशी बसत नसेल तर एक ड्रॉइंग ओढून दुसऱ्यावर बसवू नका. कोणता बेंचमार्क धरला हे सर्व्हेअरच सांगू शकतो, आणि पूररेषेजवळच्या प्लॉटला अर्ध्या मीटरनेही फरक पडतो.

स्वच्छ केलेली डीडब्ल्यूजी रिकाम्या नव्या प्रोजेक्टमध्ये नीट दिसते पण तुमच्या मॉडेलमध्ये नाही, रीलोड करताना रेव्हिट बंद पडतं, किंवा ऑडिट चालू ठेवून मॉडेल उघडल्यावरही तीच गत, अशा वेळी दोष मॉडेलमध्ये आहे. सेंट्रल फाइलवर स्वतः प्रयोग न करता डिटॅच केलेली कॉपी काढा आणि ज्यांच्याकडून परवाना घेतला त्यांच्या तांत्रिक मदतीकडे द्या. सोबत मूळ डीडब्ल्यूजी, स्वच्छ केलेली डीडब्ल्यूजी, रेव्हिटची नेमकी आवृत्ती, मॅनेज लिंक्सचा स्क्रीनशॉट आणि ज्या व्ह्यूत दिसतं व ज्यात दिसत नाही त्या दोन्हींची नावं पाठवा.